इसोए-सानचं 'नको'

आधीच सांगून ठेवते, माझा राग अजून उतरलेला नाही. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, दुकानाच्या फळ्यांना बुरशी चढलीय, भिजवलेलं सोयाबीन बघता बघता आंबतंय. दरवर्षी या दिवसांत छत्र्या सावरत आमची आळी चढून येणारी माणसं यंदा आली तशी तोंड पाडून परत गेली. पावसाचं जाऊ द्या, पण माणसं परत गेली ती कुणामुळे, ते मला ठाऊक आहे. ज्यानं केलं त्याला सांगूनही पटत नव्हतं, हे खरं दुखणं.

मी तोयोको. उराबे गावच्या वरच्या आळीत चढण सुरू होते, तिथेच आमचं टोफूचं दुकान. माहेर माझं खाली बंदरावर, कोळ्यांचं. तिथे या होडीवरून त्या होडीवर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. वाऱ्यात उभं राहून 'जरा कृपा कराल का' म्हणत बसलं तर तोवर जाळं वाहून जातं. म्हणून मी तोंडाची फटकळ. लग्न होऊन इथे आले, केस पांढरे झाले, तरी या आळीतल्या बायका मला अजून 'बंदरावरची' म्हणतात. म्हणोत बापड्या.

वरच्या आळीची रीत वेगळी. इथे कुणी चहा विचारला की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि मग 'एवढा आग्रहच आहे तर' म्हणून घ्यायचा. हे इथल्या पोराटोरांनाही कळतं. खरोखरच नको असेल तर माणूस दातांतून श्वास आत ओढतो, मान तिरकी करतो, 'जरा अवघड आहे' असं काहीतरी पुटपुटतो आणि समोरचा समजून घेतो. सगळ्यांना जमतं हे. एकट्या इसोएला कधी जमलं नाही.

इसोए नुमाजिरी आमच्या दुकानाच्या वर तिसऱ्या घरात राहते. माझ्याहून बरीच मोठी, ऐंशीला टेकलेली. तोंडावर सगळे तिला मानानं इसोए-सान म्हणतात. बाई म्हणजे गरीब गाय. तिला काही नको असलं की ती हसते, कमरेत वाकते आणि म्हणते, नको नको, तुम्हांला कशाला उगीच त्रास. बिचारी अगदी मनापासून नको म्हणत असते. लोकांना वाटतं, काय ही नम्रता! आणि तिच्या ताटात वाढून मोकळे होतात.

तिचं लग्नसुद्धा असंच झालं. एकदा माझ्या दुकानात सोयाबीन निवडत बसलेली असताना तिनं मला सांगितलं, आणि सांगतानाही हसत होती. तिला शहरात जाऊन शिवणकाम शिकायचं होतं. एका शिंपीणबाईनं तिला ठेवून घ्यायचं कबूलही केलं होतं. तेवढ्यात नुमाजिरींचं स्थळ आलं. ही म्हणाली, नको, एवढ्या मोठ्या घराला मी शोभायची नाही. स्थळ आणणाऱ्या बाईनं डोळ्यांना रुमाल लावला, म्हणाली, अशी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. ही आणखी दोनदा नको म्हणाली, तशी तिकडे लग्नाची तयारी आणखी जोरात सुरू झाली. नवरा कौलं घालायचा. माणूस वाईट नव्हता. पण सासरा, सासू, नवरा, दीर अशा सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की टबात उरलेल्या कोमट पाण्यात हिनं उतरायचं, असं तिचं सगळं तारुण्य गेलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी.

मी तिला म्हटलं होतं, इसोए-सान, तुम्ही एकदा तरी ओरडून नको म्हणायचं होतं. तर म्हणाली, ओरडलं की समोरच्याला लागतं गं. तुम्हांला जे लागलं त्याचं काय, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तिनं निवडलेल्या दाण्यांची परात माझ्यापुढे सरकवली आणि विषय संपवला.

सासू-सासरे गेले, नवरा गेला, दीर बायकोच्या गावी जाऊन राहिला. मग या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता एक गोष्ट केली. आळीच्या मंडळाचं सभागृह आहे, त्याच्या मागे एक तुकडा जमीन होती. मंडळाचीच, पण तिथे कुणी फिरकत नसे. फुटके भाताचे कुकर, सायकलींचे टायर, कुणाच्या तरी जुन्या चटया असा सगळा उकिरडा. इसोएनं तो एकटीनं उपसला. मग आळीत पावसाळ्याच्या शेवटी लोक आपापल्या अंगणातली अजिसाईची, म्हणजे हायड्रेंजियाची झाडं छाटून काड्या टाकून देत, त्या ती उचलून आणू लागली. एकेक काडी मातीत खोचायची, सावली धरायची, पाणी घालायचं. लोकांनी टाकलेल्या काड्यांची तिनं बाग केली. निळे गेंद, जांभळे, पांढरे, काही नुसत्या कडेला पाकळ्या असलेले. मधून दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकणार नाहीत एवढी अरुंद पायवाट, आणि दोन्ही बाजूंनी भिजलेली फुलं खांद्याला लागायची.

बघायला लोक येऊ लागले. फार नाही, आणि मोठ्या देवळांत जाणारी गर्दीही नाही ही. बसमधून उतरून, वाट विचारत, चिखलातून वर येणारी माणसं. इसोए छपराखाली बाक मांडून त्यांना सातूचा गार चहा द्यायची. आणि जूनमध्ये आळीतल्या प्रत्येक घरी एकेक फूल न्यायची, दारावर उलटं टांगायला. ते टांगलं की वर्षभर घरात दुखणं येत नाही, अशी आमच्याकडे समजूत. ती फुलं वाटायला निघायची तेव्हा चेहरा बघावा तिचा. माझ्या मते तिचं खरं लग्न त्या बागेशीच लागलं होतं, आणि ते तिनं स्वतः ठरवलं होतं.

गेल्या वर्षी शरद ऋतूत ती घराच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात पडून राहावं लागलं. तिथे तिला भेटायला मी गेले, त्याच वेळी होरिगोमे आला.

होरिगोमे आमच्या मंडळाचा प्रमुख. वाईट माणूस नाही तो, आणि तीच तर पंचाईत आहे, कारण वाईट असता तर मी केव्हाच त्याच्या डोक्यावर टोफूचं पाणी ओतलं असतं. कुणाचं छप्पर गळलं तर शिडी घेऊन हा हजर. कुणी मेलं तर सगळ्यांत आधी खुर्च्या मांडायला हा. परोपकाराचा ताप भरलेला माणूस. तो खाटेशी बसला आणि म्हणाला की पुढच्या रविवारी आळीची साफसफाई आहे, तेव्हा सगळे मिळून तुमची बागही छाटून नीटनेटकी करून टाकतो.

इसोएचा चेहरा पांढरा पडला. मी बघितला. ती म्हणाली, "नको नको, तुम्हांला कशाला उगीच त्रास."

"त्रास कसला त्यात?" होरिगोमे म्हणाला.

"नाही, खरंच नको. राहू द्या तशीच. हात लावू नका."

यापेक्षा स्पष्ट माणसानं काय बोलायचं? मी मध्ये पडले. म्हटलं, होरिगोमे-सान, ती नको म्हणतेय, ऐकू येत नाही का? अजिसाई पावसाळा सरता सरता छाटतात, आता फुलांचे डोळे धरलेत त्यांनी, आता कापलं तर पुढच्या वर्षी फूल नाही. तर तो माझ्याकडे बघून समजुतीनं हसला. म्हणाला, तोयोको-सान, तुम्ही बंदरावरच्या, तुमच्याकडे सरळ बोलतात. आमच्या इसोए-सानचं मन कळायला जरा अंतःकरण लागतं. आणि डोळे पुसत उठून गेला. इसोए पडल्या पडल्या त्याला मान झुकवत राहिली. तेही त्याला संमतीच वाटली असणार.

त्या रविवारी नेमकं माझ्या भावाकडे वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, त्यामुळे मी बंदरावर होते. परत आले तर सगळी आळी हातमोजे काढत, चहा पीत, खूश होऊन बसलेली. बाग त्यांनी अशी गोल गोल कापून काढली होती, जसं न्हाव्यानं शाळेतल्या मुलांना एका रांगेत बसवून भादरावं. एकाही फांदीला शेंडा नाही. कापलेल्या डोळ्यांचा ढीग सभागृहाच्या दाराशी रचलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच सगळ्यांना सुनवायचं ते सुनवलं. लोकांनी ऐकून घेतलं, एकमेकांकडे बघितलं, आणि बंदरावरची चिडली की अशीच बोलते म्हणून सोडून दिलं.

वसंतात इसोए काठी टेकत घरी आली. पहिल्यांदा बागेत गेली. मी सोबत होते. ती प्रत्येक झुडपाशी थांबली, बोटानं फांदीचं टोक चाचपलं आणि पुढे गेली.  मला वाटलं, आता तरी ही तोंड उघडेल. दुसऱ्या दिवशी बघते तर ही मिठाईचे पुडे घेऊन दारोदार निघालेली. आपल्या गैरहजेरीत लोकांनी बागेची काळजी घेतली म्हणून आभार मानायला. दुखऱ्या खुब्यानं, काठी टेकत, प्रत्येक दारात कमरेत वाकून.

मी तिला रस्त्यातच गाठलं. म्हटलं, शरम नाही वाटत तुम्हांला? ज्यांनी गळा कापला त्यांच्याच घरी मिठाई? ती म्हणाली, मनापासून केलं गं त्यांनी. रविवारची सुट्टी घालवली. मी म्हटलं, मनापासून केलेल्या मूर्खपणाला मिठाई द्यायची तर उद्या गावात मिठाई उरायची नाही. ती हसली आणि पुढच्या घराची घंटा वाजवली.

जून आला, पाऊस लागला. झुडपं अशी फोफावली की बघत राहावं, हिरवीगार, माणसाच्या छातीपर्यंत. आणि फूल एक नाही. कुठे चुकून एखादा खुजा गेंद मागच्या भिंतीशी, तोही किडका. लोक मात्र नेहमीसारखे आले. एक बाई दरवर्षी आपल्या आईला चाकाच्या खुर्चीतून आणते, तीही आली. आमची चढण म्हणजे खुर्ची ढकलणाऱ्याचा जीव काढते. आईनं विचारलं, निळी कुठे आहेत? मुलगी म्हणाली, यंदा उशीर झालाय वाटतं, आई. म्हातारी म्हणाली, मग पुढच्या वर्षी येऊ. मुलीनं तोंड फिरवलं, कारण त्या आईकडे बघून कुणालाही कळलं असतं की तिला पुढचं वर्ष नाही. आणि इसोए? ती पावसात उभी राहून त्या दोघींची माफी मागत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्यासीण आपणहून फास गळ्यात घालून घेत होती. तो सबंध महिना ती येईल त्याची माफी मागत राहिली.

ती खुर्चीतली म्हातारी येऊन गेली त्याच आठवड्यात होरिगोमेची बायको टोफू घ्यायला आली. म्हणाली, यंदा दाराला टांगायचं फूल आलं नाही, इसोए-सानची तब्येत बरी आहे ना? माझ्या हातात टोफू कापायची सुरी होती. मी ती आधी खाली ठेवली आणि मग सांगितलं की फूल तुमच्या यजमानांनी नोव्हेंबरात कापून जाळलं, राख असेल तर ती टांगा. ती लाल होऊन गेली. संध्याकाळी होरिगोमे स्वतः आला. रागावला नाही, उलट मला समजावू लागला. झाडं आहेत, एखाद्या वर्षी फुलतात, एखाद्या वर्षी नाहीत. आणि चुकीचं केलं असतं तर इसोए-सान मिठाई घेऊन आभार मानायला आल्या असत्या का?  तिनंच त्याच्या हातात दाखला दिला होता.

पुढचं ऐका. जूनच्या शेवटी मंडळाची माणसं होरिगोमेला पुढे करून इसोएच्या घरी गेली. मी तिच्याकडे टोफू पोचवायला गेले होते, ती तशीच दाराशी उभी राहिले. होरिगोमे म्हणाला की आता बागेला फुलं येत नाहीत, तुमचं वय झालं, हा भार तुमच्यावर टाकणं आम्हांला बरं वाटत नाही. तेव्हा सोमवारी यंत्र येईल, झुडपं मुळापासून काढेल, आणि तिथे आळीसाठी गाड्या उभ्या करायची जागा करू. तुम्ही सुटाल.

इसोए म्हणाली, "नको."

हसली नाही. वाकली नाही. काठीवर हात घट्ट धरून म्हणाली, "बाग राहू द्या. मला हवी आहे."

 मी मनात म्हटलं, बोलली एकदाची. आणि होरिगोमेनं मागे वळून बाकीच्यांना काय सांगावं? म्हणाला, बघा, अजून आपल्याला त्रास नको म्हणून झटतायत. असा स्वभाव आता कुठे राहिलाय? सगळ्यांनी माना डोलावल्या, वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. मी त्यांच्या मागे जाऊन शिव्या घातल्या, बंदरावरच्या, ठेवणीतल्या. कुणी वळून बघितलं नाही. परत आले तर इसोए तशीच उभी होती. ती म्हणाली, तोयोको-सान, मी म्हटलं ना गं? म्हटलंत, मी सांगितलं, अगदी नीट म्हटलंत. ती काठी टेकत उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, म्हणजे माझ्यात खोट नव्हती.

रविवारी सकाळी ती माझ्या दुकानात आली. अंगात रेनकोट, पायांत रबरी बूट, कमरेला झाडं छाटायची घडीची करवत. म्हणाली, तुझं स्टूल घे आणि चल. कुठे, म्हणून मी विचारलं नाही. तिच्या आवाजातच असं काही होतं की मी गिऱ्हाइकाला तसंच सोडून स्टूल उचललं.

ती होरिगोमेच्या फाटकाशी थांबली. त्याच्या फाटकावर एक पाइन आहे. त्याच्या आजोबांनी लावलेला, बापानं वळवलेला. एक फांदी सरळ फाटकावरून आडवी गेलेली, खालून माणसं जातात. त्या फांदीसाठी दरवर्षी शहरातून माळी येतो आणि होरिगोमे सबंध दिवस त्याच्या मागे उभा राहतो. इसोएनं हाक मारली. तो छत्री घेऊन बाहेर आला, मागोमाग बायको. शेजारचेही डोकावले.

इसोए म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत. आज मी तुमचं झाड छाटून देते."

होरिगोमे हसला. "नको नको, तुम्हांला कशाला उगीच त्रास."

"त्रास कसला त्यात?" इसोए म्हणाली आणि मला खूण केली. मी स्टूल फांदीखाली ठेवलं.

"नाही, खरंच नको, इसोए-सान. पाऊस आहे, तुमचा पाय..."

ती स्टुलावर चढली. तो मोडलेला खुबा घेऊन कशी चढली देव जाणे, मी दोन्ही हातांनी तिच्या कमरेला धरून होते. तिनं करवत उघडली आणि आडव्या फांदीच्या अगदी बुंध्याशी टेकवली. होरिगोमे अजून हसतच होता, पण ते हसू आता त्याच्या तोंडावर नुसतं राहून गेलं होतं. तो पुन्हा काहीतरी नम्र बोलायला लागला. इसोएनं करवत ओढली. एकदाच. सालीचा भुगा त्याच्या छत्रीवर पडला.

"नको! हात लावू नका!"

असा ओरडला की खालच्या बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल. छत्री टाकून दोन्ही हात वर करून उभा, पावसात, चेहरा वेडावाकडा. त्याच्या तोंडून तसला आवाज आळीनं कधी ऐकला नव्हता, त्यानं स्वतःही नसेल. इसोएनं करवत थांबवली आणि वरून त्याच्याकडे बघितलं.

"ऐकू आलं मला," ती म्हणाली. "ओरडून एकदाच म्हणालात, तरी ऐकू आलं."

तिनं करवत मिटली, माझ्या खांद्याला धरून खाली उतरली आणि त्याला नेहमीसारखी कमरेत वाकून निघाली. होरिगोमे त्या सालीवरच्या खाचेकडे बघत उभा होता. मग त्याच्या मनात काहीतरी उलगडत गेलं असावं, कारण तो जागच्या जागी खाली बसला, चिखलात, आणि दोन्ही हात जमिनीला टेकून डोकं खाली घातलं. इसोए तोवर वळणापलीकडे गेली होती. तिनं ते बघितलं नाही. मी बघितलं, आणि सांगते, मला त्याची काडीची दया आली नाही.

सोमवारी यंत्र आलं नाही. मंडळानं त्यावर कुणाला काही कळवलं नाही, आमच्याकडे कळवतही नाहीत. झुडपांना या शरदात डोळे येतील, पुढच्या जूनला गेंद येतील, इसोए चहाचा बाक मांडेल. पण ती चाकाच्या खुर्चीतली म्हातारी गेल्या आठवड्यात वारली. तिच्या मुलीनं दुकानात येऊन सांगितलं, आणि इसोए-सानला सांगू नका म्हणाली. मी बरं म्हटलं. मग चढण चढून वर गेले आणि ज्यानं तिची निळी फुलं कापली होती, त्या होरिगोमेला जाऊन सांगितलं.